टेहळणी कोणी करायची?

समुद्रावर रस्ते नाहीत, पण रहदारीचे नियम आहेत. आगबोटी शिडाच्या जहाजांवर आदळू लागल्या तेव्हा, १८४० साली, लंडनच्या ट्रिनिटी हाऊसने काही नियम घालून दिले. १८६३ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी एकच नियमावली स्वीकारली आणि १८८९ मध्ये वॉशिंग्टनला अनेक राष्ट्रांची परिषद भरली. कोणी कोणाला वाट द्यावी, कोणता दिवा कोठे लावावा, याचा खल पुष्कळ झाला. टेहळणीचा उल्लेख मात्र शेपटाला आणि आडवळणाने आला : तीत कसूर झाली तर हे नियम कोणालाही दोषमुक्त करणार नाहीत, एवढाच. १९७२ साली लंडनला झालेला करार १५ जुलै १९७७ पासून अमलात आला, त्यात हे कलम वर येऊन पाचवा नियम झाले. प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ डोळ्यांनी, कानांनी व हाताशी असेल त्या साधनाने योग्य टेहळणी ठेवलीच पाहिजे.

कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण काम नेमून देणारा कागद हाती आला की त्यात माणसे किती लिहिली आहेत हे आम्ही आधी पाहतो. पाचव्या नियमात तो आकडा नाही. मग गलबतावर माणूसच एक असेल तर?

अशी गलबते पुष्कळ झाली. जोशुआ स्लोकम १८९५ मध्ये बॉस्टनहून ‘स्प्रे’ घेऊन निघाला आणि १८९८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. हिंदी महासागरातील तेवीस दिवसांच्या एका टप्प्यात आपण सुकाणूवर तीन तासांहून अधिक बसलो नाही, असे तो स्वतःच सांगतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता ३१२ दिवसांत फेरी पुरी केली, ती ‘सुहेली’तून. हे सागवानी गलबत मुंबईच्या कारागिरांनी बांधलेले. आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादई’तून मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा करून परतले. त्याच गलबतातून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता फेरी केली. या माणसांविषयी आम्हांला मनापासून आदर आहे. पण ती झोपत होती, आणि झोपलेला माणूस टेहळणी करीत नाही.

यावर दर्यावर्दींनी एक तोड काढली. निजताना डोलकाठीवर एकाखाली एक असे दोन तांबडे दिवे लावायचे. त्यांचा अर्थ, हे जहाज ताब्यात नाही, तुम्हीच चुकवा. पण नियमातली व्याख्या अशी की काही असाधारण कारणाने हालचाल करता येत नाही तेच जहाज ताब्याबाहेरचे. सुकाणू मोडणे असाधारण खरे. रोज रात्री येणारी झोप असाधारण कशी ठरावी? रात्रपाळीला डुलकी लागलेल्याने हे कारण मुकादमाला सांगून पाहावे.

दुसरी तोड वीस-वीस मिनिटांच्या झोपेची. तिचा हिशेब करून पाहू. मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा निदान सहा सागरी मैलांवरून दिसावा असा नियम आहे. ते जहाज तासाला वीस मैल चालत असेल तर सहा मैल अठरा मिनिटांत संपतात. उलट, बारा मीटरहून लहान गलबताचा बाजूचा दिवा एका मैलावरून दिसला तरी नियमाला पुरते. म्हणजे मोठ्या जहाजावरच्या माणसाला तो दिसून विचार करायला मिळतात तीन मिनिटे. तोही त्या वेळी त्या बाजूला पाहत असेल तर.

२७ जानेवारी २०२१ रोजी बोरिस हेरमान जगाची फेरी संपवीत आणीत होता. फ्रान्सचा किनारा सुमारे नव्वद मैलांवर राहिला असता त्याचे गलबत एका मासेमारी बोटीवर आदळले. तो झोपला होता, आणि इशारा देणाऱ्या यंत्रांनी त्याला उठवले नाही. शर्यत त्याने पुरी केली. आम्हांला विचार येतो तो त्या बोटीवरच्या माणसांचा. ती कामावर होती. एकटा दर्यावर्दी स्वतःचा जीव धोक्यात घालतो हे म्हणणे येथे अपुरे पडते.

तरी सारा दोष त्याच्या माथी मारून मालवाहू जहाजांच्या मालकांना सुटू देणार नाही. दिवसा, हवा निर्मळ असता, काही अटींवर अधिकाऱ्याने एकट्यानेच टेहळणी करावी अशी तेथे मुभा आहे; रात्री नाही. २००६ च्या सागरी कामगार करारात दिवसाकाठी किमान दहा आणि आठवड्याकाठी सत्त्याहत्तर तास विश्रांतीचा पर्याय आहे. विश्रांती द्यायची आणि पहाराही ठेवायचा, तर माणसे वाढवावी लागतात, आणि मालकाला नेमके तेच जड जाते. तेथे निदान बंदरात नोंदवही मागून तास मोजता येतात. क्रीडेच्या गलबताला तो करारच लागू नाही. पाचवा नियम मात्र लागू आहे. त्यावर सह्या करणारी राष्ट्रे एकट्या दर्यावर्दीला समारंभाने निरोप देतात, आणि दुसरा माणूस गलबतावर नाही हे निघतानाच सर्वांना ठाऊक असते.