भिवंडीचा ‘कारखाना’ आणि यंत्रापासूनचे अंतर

शिवकालात ‘कारखाना’ हा शब्द राज्याच्या अठरा कारखान्यांना लागे. भिवंडीत तो चार यंत्रमागांच्या जागेलाही लागतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील अर्थ मात्र संकुचित होता. विजेवर चालणाऱ्या जागेत किमान दहा कामगार नसतील, तर कलम ८५ खालील अधिसूचनेखेरीज ती ‘कारखाना’ ठरत नसे. मग फिरत्या भागांस भक्कम कुंपण घालावयास लावणारे कलम २१, किंवा चालू यंत्राची तपासणी घट्ट कपड्यांतील प्रशिक्षित प्रौढ पुरुषावरच सोपविणारे कलम २२, तेथे लागू होत नसे. एका शब्दाच्या व्याख्येवर हाताची बोटे अवलंबून होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पट्ट्यापासूनचे अंतर कामगाराने नजरेनेच राखावयाचे. इशाऱ्याची हाक मागांच्या खडखडाटात शेजारीही पोचत नाही. आणि धोटा उसळून बाहेर आला, तर हाकेइतकाही अवधी मिळत नाही.