फितीवांचून चित्रपट

चित्रपट पाहणें ही करमणूक आणि चित्रपट तपासणें ही विद्या, असा भेद युरोपांतील विद्यापीठांनीं आतां मान्य केला आहे. पदवी घेतलेले विद्यार्थी तेथें एकेका प्रसंगाची चिरफाड करण्यांत महिनेच्या महिने घालवितात. या विद्येची एक मोठी शाखा मात्र ग्रंथालयांत उगवली नाहीं. ती टंचाईंतून उगवली.

१९१९ च्या ऑगस्टांत सोव्हिएत सरकारनें रशियांतील चित्रपटधंदा ताब्यांत घेतला आणि त्याच सालीं मॉस्कोंत सरकारी चित्रपटशाळा निघाली. पण ते दिवस यादवीचे. अन्न नाहीं, सरपण नाहीं, आणि कोरी फीत तर औषधालाही मिळेना. नांवाजलेले नट व निर्माते देश सोडून चाललेले. अशा वेळीं लेव्ह कुलेशोव्ह हा विशीच्या उंबरठ्यावरचा तरुण तेथें शिकवूं लागला. त्यानें विद्यार्थ्यांकडून रंगमंचावर प्रसंग करवून घेतले. पण नाटकासारखे नव्हेत, तर तुकड्यातुकड्यांनीं, जणूं समोर कॅमेराच उभा आहे अशा बेतानें. या खेळांना ‘फितीवांचून चित्रपट’ असेंच नांव पडलें.

दुसरा मार्ग जुन्या रिळांच्या कात्रणांचा. इव्हान मोझ्झुखिन हा झारशाहीच्या अखेरचा लाडका नट १९२० सालीं देश सोडून गेला; त्याचा चेहरा मात्र रिळांत राहिला. त्या निर्विकार चेहऱ्याचा एक तुकडा घेऊन कुलेशोव्हनें त्यास कधीं साराची बशी जोडली, कधीं शवपेटी, कधीं एखादी मुलगी. प्रेक्षकांस भूक दिसली, शोक दिसला, माया दिसली, आणि नटाच्या अभिनयाची त्यांनीं वाहवा केली, असें सांगतात. चेहरा तर एकच! अर्थ तुकड्यांत नाहीं, जोडांत आहे, हा सिद्धांत यांतून निघाला. त्याचा शिष्य पुडोव्हकिन यानें तो आपल्या लेखनांत मांडला. १९२९ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें आणि तो जगभर गेला. कांहीं महिने कुलेशोव्हकडे उमेदवारी केलेला आयझेनस्टाइन आणखी पुढें गेला. जोड कसला, ही टक्कर आहे, असें त्याचें म्हणणें. आणि १९२५ च्या ‘पोटेमकिन’मधील ओडेसाच्या पायऱ्यांवर ती टक्कर त्यानें दाखवूनही दिली.

परंतु श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मोझ्झुखिनच्या चेहऱ्याची ती प्रसिद्ध फीत आज कोठेंही नाहीं. पुडोव्हकिनच्या आठवणींत शवपेटींत एक स्त्री आहे. खुद्द कुलेशोव्हच्या लेखांत ती पेटी लहान मुलाची आहे. गुरुशिष्यांचाच मेळ बसत नाहीं, मग प्रेक्षक कोण व किती होते, हें विचारावयाचें कोणास? १९९२ सालीं अमेरिकेंतील दोघा अध्यापकांनीं प्रयोग नव्यानें करून पाहिला, तेव्हां बहुतेकांना त्या चेहऱ्यावर कांहींच दिसलें नाहीं. २००६ सालीं लंडनमध्यें निराळ्या रीतीनें पाहतां थोडा परिणाम आढळला. म्हणजे सिद्धांत अगदींच पोकळ नव्हे. पण दंतकथेएवढा भरीवही नव्हे. पाठ्यपुस्तकें मात्र ती कथा पूर्वीइतक्याच ठामपणें सांगतात, आणि हें कांहीं विद्येला शोभणारें नाहीं.

कुलेशोव्ह पुढें त्याच संस्थेचा प्रमुख झाला व १९७० सालीं वारला. १९९० नंतर त्याच्या इतर प्रयोगांचे कांहीं त्रोटक तुकडे सांपडले. त्यांत मोझ्झुखिन नव्हता.