परतवाड्याचे गोनीदा

गोपाळ नीलकंठ दांडेकर हे नाव घेतले की रसिकांच्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. ‘शितू’ आणि ‘पडघवली’ यांनी ते चित्र पक्के केले. त्यात गडकिल्ल्यांवरची त्यांची भ्रमंती आणि तळेगाव दाभाडे येथील दीर्घ वास्तव्य जमेस धरले, म्हणजे हा लेखक सह्याद्रीचाच, असे कोणीही म्हणेल. परंतु गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी झाला तो सातपुड्याच्या पायथ्याशी, अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे. आपल्या सेलूहून पश्चिमेस निघून वर्धा नदी ओलांडली की लागणारा तो वऱ्हाड प्रांत!

परतवाडा शेजारच्या अचलपूरच्या थोरवीत झाकले गेले. अचलपूर ही वऱ्हाडाची जुनी राजधानी; परतवाडा ही इंग्रजांची छावणी आणि पुढे लाकडाची पेठ. मेळघाटची वाट येथूनच चढते. वरती डोंगरात गाविलगड आहे. तो १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने जिंकला. अशा मुलखात हा दुर्गप्रेमी जन्मला, एवढेच आपण म्हणावे. त्याहून अधिक जोडणे म्हणजे इतिहास सोडून कल्पनेत शिरणे होय.

मग या मुलखाचे ऋण दाखवावयाचे कशावरून? भाषेवरून. तेराव्या वर्षी शाळा सोडून गोपाळ स्वातंत्र्याच्या चळवळीत गेला. पुढे त्यास गाडगे महाराजांचा सहवास लाभला. महाराजही अमरावती जिल्ह्याचेच, आणि त्यांचे कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीचे जिवंत विद्यापीठ. नर्मदेपासून मावळापर्यंत पायपीट करूनही गोनीदा ती बोली विसरले नाहीत. ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी त्यांनी वऱ्हाडीचाच आधार घेऊन लिहिली. पूर्णेच्या काठची माणसे त्यांनी पुस्तकी मराठीत बोलावयास लावली नाहीत, ही गोष्ट लहान नव्हे.

१९७६ साली ‘स्मरणगाथे’स साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले; १९९८ मध्ये गोनीदा निवर्तले. विदर्भाच्या लेखकांची पुण्या-मुंबईकडे उपेक्षा होते, अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण वऱ्हाडात जन्मलेल्या या कादंबरीकारास कोकणचा म्हणून सोडून देण्यात आपलाही वाटा आहे. ही उपेक्षा दूर करण्यास पुण्याची परवानगी लागत नाही. आपल्या वाचनालयातून ‘पूर्णामायची लेकरं’ घरी न्यावी आणि चार माणसांत मोठ्याने वाचावी. तिची बोली कानांनीच ऐकावयाची आहे.