ख्रिस्ती जीवनातील प्रार्थनेचा मराठी शोध : रेव्हरंड ना. वा. टिळक आणि सातारा परिसर

प्रस्तावना

कृष्णाकाठी वसलेली वाई ही 'दक्षिण काशी' म्हणून ओळखली जाते. येथील घाट, मंदिरे आणि शास्त्राध्ययनाची परंपरा सर्वश्रुत आहे. याच सातारा परिसरात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. पुढे वाईतही मिशनचे केंद्र व रुग्णालय उभे राहिले. अशा प्रदेशात ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या मराठी माणसापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहत असे : धर्म बदलला म्हणजे प्रार्थनेची भाषाही बदलावी लागते काय? या प्रश्नाचे उत्तर नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी आपल्या जीवनातून दिले व त्या उत्तराचा शेवटचा टप्पा सातारा येथे घडला. प्रस्तुत लेखात टिळकांच्या प्रार्थनाविषयक वाटचालीचा आढावा घेण्यात आला आहे.

पूर्वपरंपरा

मराठीतून ख्रिस्ती भक्ती व्यक्त करण्याचा प्रयत्न नवा नव्हता. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोमंतकात प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने पुराणकथनाचा देशी घाट स्वीकारला होता. तथापि एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांना मोठे स्थान होते. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी रागदारी व कीर्तन यांचा उपयोग करून वेगळी वाट दाखविली. याच शतकात, १८६७ मध्ये, मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. मध्यस्थाविना, आपल्या भाषेत, सामूहिक उपासना करावी हा विचार हिंदू समाजातील सुधारकांनाही महत्त्वाचा वाटत होता. टिळकांची भूमिका या व्यापक पार्श्वभूमीवर पाहणे आवश्यक आहे.

मागण्यापासून सहवासापर्यंत

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथील चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते प्रभावित झाले. याच प्रवचनात प्रार्थनेविषयी येशूचा उपदेश आला आहे. प्रार्थना लोकांना दाखविण्यासाठी करू नये, व्यर्थ शब्दांची पुनरुक्ती टाळावी आणि आपली गरज पित्याला आधीच ठाऊक आहे असा विश्वास बाळगावा, हे त्याचे सार होय. येथे एक तार्किक अडचण निर्माण होते. देवाला सर्व ठाऊक असेल, तर मागायचे कशासाठी? टिळकांच्या भक्तिकाव्यातून या प्रश्नाचे जे उत्तर मिळते, ते मागणीपेक्षा सहवासावर भर देणारे आहे. मूल आईजवळ जाते ते केवळ काही हवे असते म्हणून नव्हे. तिच्याजवळ असणे हीच त्याची गरज असते. टिळकांनी ख्रिस्ताला माता व गुरू मानले, ते याच अर्थाने.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत मोठी होती. आप्तस्वकीय दुरावले आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी पतीचा धर्म तत्काळ स्वीकारला नाही. सोवळे-ओवळे व जातिभेद यांविषयी स्वतः विचार करून, स्वतःच्या गतीने त्या १९०० मध्ये बाप्तिस्म्यापर्यंत आल्या. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात हा प्रवास नर्मविनोदी व प्रांजळ भाषेत आला आहे. श्रद्धा दुसऱ्यावर लादता येत नाही, वाट पाहावी लागते, हा धडा टिळक दांपत्याच्या सहजीवनातून मिळतो.

धर्मांतरानंतर टिळकांना संतपरंपरा टाकून द्यावी लागली नाही. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविले, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे 'अभंगांजली'सारख्या रचनेत त्यांनी ख्रिस्ताशी अभंगाच्या छंदात संवाद साधला. भजन आणि कीर्तन यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. त्यांची अनेक गीते पुढे 'उपासना संगीत' या संग्रहातून मराठी चर्चमध्ये रुजली.

सातारा : देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची सेवा सोडली. निश्चित वेतन व सुरक्षितता यांचा त्याग करून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' हा उपक्रम आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा बंधुभाव ही त्यामागील कल्पना होती. तत्पूर्वी अहमदनगर येथे बालकवी ठोंबरे यांच्यासारख्या ख्रिस्तेतर तरुण कवीला टिळकांच्या घरी पुत्रवत आश्रय मिळाला होता. दरबाराची कल्पना अशा उदार गृहजीवनाचाच विस्तार म्हणता येईल.

हा निर्णय सर्वांना पटण्यासारखा नव्हता. बाप्तिस्म्याविना शिष्यत्व मान्य केल्यास चर्चच्या सीमारेषा पुसट होतील, ही शंका निराधार म्हणता येत नाही. दुसरीकडे, प्रार्थना हा जर देवाशी असलेला संबंध असेल, तर त्याचा आरंभ सभासदत्वाच्या नोंदीपासून होत नाही, हे टिळकांच्या कृतीमागील सूत्रही तेवढेच सबळ आहे. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दोन वर्षांहूनही कमी काळ मिळाल्यामुळे दरबार संस्था म्हणून स्थिरावू शकला नाही. त्यांचे अपूर्ण 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

याच कालखंडातील अन्य एका घटनेशी तुलना उद्बोधक ठरते. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात शेकडो स्त्रिया-मुलींच्या नित्य सामूहिक प्रार्थनेतून आध्यात्मिक जागृतीची मोठी लाट उसळली. केडगावी अश्रू, पश्चात्ताप व उच्चस्वरातील एकत्र प्रार्थना यांचे प्राबल्य होते, तर टिळकांकडे अभंगाची शांत आर्तता होती. रूपे भिन्न असली तरी दोन्ही ठिकाणी प्रार्थनेची परिणती सेवेत झाली. केडगावी निराधार स्त्रियांना आधार मिळाला, तर टिळकांच्या घरी अनाथ मुलांना आसरा मिळाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. प्रार्थना ही प्रथमतः मागणी नसून सहवास आहे. ती माणसाच्या अंतःकरणाच्या भाषेतच सखोल होते. आणि तिची कसोटी शब्दांत नसून त्यागात व सेवेत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत धर्मशास्त्राचा नव्या दृष्टीने विचार होत होता. त्याच जिल्ह्यात टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला मराठी मातीत रुजविण्याचा प्रयत्न केला. दोहोंचे मार्ग स्वतंत्र होते, परंतु परंपरा न नाकारता तिची नव्याने पारख करण्याची वृत्ती समान होती. टिळकांचा दरबार टिकला नाही. मात्र रविवारच्या उपासनेत मराठी ख्रिस्ती मंडळी त्यांची गीते गातात, तेव्हा साताऱ्यात अपुरा राहिलेला तो प्रयत्न पुढे चालू असल्याचे जाणवते.