समर्थांची प्रचीति आणि समर्थांचे मठ

जालना जिल्ह्यांत घनसावंगी तालुक्यांत जांब नांवाचें गांव आहे. शके 1530 मध्यें, म्हणजे इ. स. 1608 सालीं, रामनवमीच्या दिवशीं तेथील सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटीं नारायण जन्मास आला. थोरले बंधु गंगाधरपंत. घर रामोपासक होतें आणि वडिलांकडे गांवचें कुलकर्ण होतें. अशा घरांतील मुलाचा आयुष्यक्रम मुंजीपासून श्राद्धापर्यंत रूढीनें आंखून दिलेला असे.

हा क्रम नारायणानें बाराव्या वर्षीं मोडला. लग्नाच्या वेळीं अंतरपाटाआड ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच तो मंडपांतून निघून गेला, असें संप्रदायाची परंपरा सांगते. हा शब्द प्रत्येक लग्नांत म्हटला जातो आणि तो ऐकून कोणीहि सावध होत नाहीं. नारायणानें त्याचा अर्थ खरा मानला, एवढेंच. कथेचा तपशील कोणी मानो वा न मानो. विधींत पाठ झालेला शब्द आणि अंतःकरणांत जागा झालेला शब्द यांत किती अंतर असतें, तें ती नेमकें दाखविते.

पुढें नाशिकजवळ टाकळी येथें बारा वर्षें तप आणि नंतर बारा वर्षें भारतभर भ्रमण झालें. या चोवीस वर्षांत कोणत्याहि पीठाची अगर मठाची सनद त्यांच्यापाशीं नव्हती. रामरायानेंच त्यांस अनुग्रह दिला, असें शिष्य मानीत. म्हणजे मध्यें मनुष्य कोणी नव्हता. दासबोधांत ‘प्रचीति’ आणि ‘विवेक’ या दोन शब्दांवर जो भर आहे, त्याचें मूळ येथें असावें. वीस दशकांच्या व दोनशें समासांच्या या ग्रंथांत ‘पढतमूर्ख’ या नांवाचा एक स्वतंत्र समास आहे. ज्ञान सांगतो पण तसा वागत नाहीं, अशा विद्वानाचें तें चित्र होय. अकराव्या दशकांत देवांचे चार प्रकार सांगितले आहेत: प्रतिमा, अवतार, अंतरात्मा आणि निर्विकारी परमेश्वर. पहिल्या पायरीस त्यांनीं लाथ मारली नाहीं. पण तेथेंच बसून राहणाऱ्यास शेवटची पायरी दाखविल्यावांचून सोडलें नाहीं.

त्याच शतकांत इंग्लंडमध्यें जॉर्ज फॉक्स हा विणकराचा मुलगा पाद्र्यांकडून समाधान न झाल्यामुळें अंतरींच्या प्रकाशाची वाट चोखाळीत होता. त्यास अनेकदां तुरुंग भोगावा लागला. पण पुढें त्यासहि आपल्या अनुयायांच्या नियमित सभा बांधून द्याव्या लागल्या. अनुभव एकट्याचा असतो. तो टिकविण्यास मात्र मंडळी लागते.

समर्थांनींहि तेंच केलें. 1648 सालीं चाफळास राममंदिर उभें राहिलें आणि गांवोगांव मठ झाले. मिरजेस वेणाबाईंकडे मठ सोंपविला गेला. बालविधवेनें घराचा उंबरठा ओलांडूं नये, अशा त्या काळांत ही गोष्ट लहान नव्हती. तथापि त्याच दासबोधाच्या पांचव्या दशकारंभीं ब्राह्मण हाच सर्वांचा गुरु, असें प्रतिपादन आहे. प्रचीतीची कसोटी सर्वांस खुली, पण गुरुपदाचा मान जन्मावर! ही विसंगति पुढील टीकाकारांनीं दाखविली, ती योग्यच होती. स्वतः मंडप सोडून गेलेल्या पुरुषालाहि आपल्या काळाचा मंडप संपूर्ण सोडतां आला नाहीं.

संस्थेचा दुसरा धोका लौकरच दिसला. 1682 सालीं सज्जनगडावर समर्थांनीं देह ठेवला. त्याच वर्षीं कारभाराच्या अधिकारावरून दिवाकर गोसावी आणि उद्धव गोसावी यांच्यांत तंटा उत्पन्न झाला आणि त्यांत छत्रपति संभाजीमहाराजांस लक्ष घालावें लागलें. वैराग्याचा उपदेश केलेल्या स्थानीं उत्पन्नाचा हिशेब येऊन बसला.

म्हणून मठ व्यर्थ ठरले काय? तसेंहि म्हणवत नाहीं. डोमगांवच्या मठांत कल्याणस्वामींच्या परंपरेनें दासबोधाची प्रत जपली. तिच्याच आधारें धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं 1905 सालीं तो ग्रंथ छापून घरोघर पोहोंचविला. मठ नसता तर ग्रंथ मिळता ना. मठानें पोथी राखली. पोथींतील प्रचीति मात्र कोणाच्याहि वतीनें राखतां येत नाहीं. ती वारसाहक्कानें मिळत नाहीं आणि सनदेनें लिहून देतां येत नाहीं.

ऑगस्ट 2022 मध्यें जांबेच्या समर्थ-मंदिरांतील पंचधातूच्या मूर्ति चोरीस गेल्या. गांव हळहळलें आणि लोकांनीं मूर्तींच्या शोधासाठीं तगादा लावला. पुढें पोलिसांनीं चोरट्यांचा माग काढून मूर्ति परत मिळविल्या, तेव्हां गांवांत आनंद झाला. ही हळहळ खोटी नव्हती. पिढ्यान्पिढ्या जेथें हात जोडले, तें स्थान रिकामें झालें होतें. परंतु ज्या गांवीं हें घडलें, त्याच गांवच्या मुलानें चार देवांचा हिशेब मांडून ठेवला आहे. त्यांतील पहिला चोरास नेतां येतो. उरलेल्या तिघांसाठीं देवळास कुलूप लागत नाहीं. माणसानें सावधान मात्र असावें लागतें.