मेरुरज्जूचा अपूर्ण आघात आणि ‘बरे होणे’ या संज्ञेचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात रोगांची नावे जशी पालटतात, तशीच ‘बरे होणे’ या संज्ञेची व्याप्तीही पालटत जाते. मेरुरज्जूच्या आघाताचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय. हा आघात अपूर्ण असला, म्हणजे रज्जूतील काही तंतू शाबूत राहिले, तर पायांत पुन्हा बळ येण्याची आशा असते; आणि रुग्ण चालू लागला की तो बरा झाला असे सामान्यतः समजले जाते. परंतु मूत्र व मल यांच्या विसर्जनावरील ताबा पायांच्या शक्तीबरोबर परत येतोच असे नाही. या दोन क्रियांना उपचारात आणि उपचाराच्या मोजमापात कोणते स्थान मिळत गेले, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

या विषयाचा सर्वांत जुना उल्लेख ‘एडविन स्मिथ पपायरस’ या इजिप्शियन ग्रंथात सापडतो. त्याची उपलब्ध प्रत इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराची असून ब्रेस्टेड यांनी १९३० साली तिचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यातील एकतिसाव्या प्रकरणात मानेचा मणका सरकलेल्या माणसाचे वर्णन आहे. त्याला हातापायांची जाणीव नाही व त्याचे मूत्र नकळत ठिबकत राहते. हा विकार उपचार करण्याजोगा नाही, असा निर्णय तेथे दिलेला आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत या निर्णयात फारसा फरक पडला नव्हता. जखमी सैनिक बहुधा अंगघाताने नव्हे, तर मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने आणि शय्याव्रणांनी दगावत.

त्याच युद्धकाळात या अवस्थेकडे पाहण्याची शास्त्रीय दृष्टी बदलू लागली. हेन्री हेड व जॉर्ज रिडॉक यांनी १९१७ साली असे दाखविले की, रज्जूला जबर इजा झाल्यावरही आघाताच्या खालील भाग निर्जीव होत नाही. काही काळाने मूत्राशय आपोआप, प्रतिक्षिप्त क्रियेने, रिकामा होऊ लागतो. १९२५ साली बॅरिंग्टन यांनी मांजरावरील प्रयोगांतून मूत्रविसर्जनाचे नियमन करणारे केंद्र मेंदूच्या तळाशी असल्याचे दाखविले. यावरून पुढे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. मूत्राशयाचे आकुंचन आणि त्याच वेळी मुखावरील संकोचक स्नायूचे शिथिल होणे, हा मेळ वरचे केंद्र घालते. रज्जूतून जाणारा संदेश अडला तर दोन्ही स्नायू एकदमच आवळले जातात, मूत्राशयातील दाब वाढतो आणि त्याचा भार अखेर मूत्रपिंडांवर पडतो. अपूर्ण आघातात संदेशवाहक तंतूंपैकी काही उरतात. म्हणूनच एकाला मूत्राची जाणीव असते पण ताबा नसतो, तर दुसऱ्याला ताबा असूनही मूत्राशय पुरता रिकामा होत नाही.

या ज्ञानाला उपचाराची जोड मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले लुडविग गुटमन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे स्वतंत्र विभाग सुरू केला. मूत्राशयात कायमची नळी न ठेवता ठराविक वेळाने निर्जंतुक कॅथेटर घालून तो रिकामा करावयाचा, ही तेथील पद्धत. गुटमन व फ्रँकेल यांनी १९६६ साली ४७६ रुग्णांच्या आधारे तिची उपयुक्तता मांडली. पुढे १९७२ साली अमेरिकेत मिशिगन येथील जॅक लॅपिडिस यांनी आणखी धीट पाऊल उचलले. संसर्गाचे मुख्य कारण नळीवरील जंतू नसून मूत्राशय वाजवीपेक्षा ताणला जाणे हे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेव्हा नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असावी. आणि ती रुग्णाने स्वतःच घालावी. या एका विचाराने नळी परिचारिकेच्या हातातून रुग्णाच्या हाती आली.

मलविसर्जनाचा इतिहास मात्र इतका समृद्ध नाही. डेनी-ब्राऊन व रॉबर्टसन यांनी मूत्रविसर्जनावर १९३३ साली व मलविसर्जनावर १९३५ साली लेख लिहिले. पण त्यानंतर दोन्ही विषयांची वाटचाल सारख्या गतीने झाली नाही. ग्लिकमन व कॅम यांनी १९९६ साली ११५ रुग्णांची पाहणी केली, तेव्हा बहुतेकांना शौचासाठी काही ना काही उपाय योजावा लागत असल्याचे आढळले. गुदमार्गाने पाणी सोडून आतडे साफ करण्याच्या पद्धतीची पाच युरोपीय देशांतील ८७ रुग्णांवर रीतसर तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली ती २००६ साली. तिने बद्धकोष्ठ व नकळत मल जाणे ही दोन्ही कमी होतात असे दिसून आले. मूत्रपिंड निकामी झाल्याने माणूस मरतो. मलावरोधाने सहसा मरत नाही, केवळ घरात कोंडला जातो. या उपेक्षेचे हे एक कारण असावे.

मोजमापाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. फ्रँकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली आघाताच्या पाच श्रेणी ठरविल्या. त्यांतील शेवटच्या, पूर्ण बरे झाल्याच्या, श्रेणीत अशक्तपणा व संवेदनाहानी नसण्याबरोबरच संकोचक स्नायूंत बिघाड नसणे हीही अट होती. १९९२ साली अमेरिकन संघटनेने नवी श्रेणी आणली. आघात पूर्ण की अपूर्ण हे आता गुदद्वाराशी उरलेल्या संवेदनेवरून वा तेथील ऐच्छिक आकुंचनावरून ठरू लागले; पण शेवटच्या श्रेणीसाठी स्नायुबल व संवेदना यांचीच गणना राहिली. म्हणजे निदान जेथे होते त्याच इंद्रियाचे कार्य फलश्रुतीतून गळाले. मूत्राशय, मलाशय व लैंगिक कार्य यांची नोंद करणारी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय प्रमाणे २००९ साली आली.

दरम्यान २००४ साली अँडरसन यांनी ६८१ रुग्णांनाच त्यांची निकड विचारली होती. ज्यांचे हातही लुळे पडले होते त्यांनी हातांच्या कार्याला, इतरांनी लैंगिक कार्याला अग्रस्थान दिले. मूत्राशय व मलाशय यांची सुधारणा दोन्ही गटांना सारखीच महत्त्वाची वाटली.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, ताबा परत मिळणे याचे दोन अर्थ आहेत : तंतूंनी पुन्हा कार्य करणे आणि रुग्णाने वेळ, साधन व सवय यांच्या बळावर ते कार्य आपल्या हाती घेणे. पहिला निसर्गाधीन, दुसरा प्रयत्नसाध्य होय. पहिल्याचीच वाट पाहत राहिल्याने दुसऱ्याला विलंब झाला तर मूत्रपिंडांची हानी होते, आणि ती भरून येत नाही. उलट, नळी वापरणारा रुग्ण ‘बरा झाला नाही’ असे मानणे हे त्याने मिळविलेल्या स्वातंत्र्याचे अवमूल्यन ठरते. चालण्याला बरे होण्याची एकमेव खूण मानणारी दृष्टी म्हणूनच अपुरी आहे.