आनंदीबाई आणि ‘ध’चा ‘मा’

शोकान्त नाटकांत महत्त्वाकांक्षी स्त्री आली कीं तिच्या पतीच्या पातकाचा बराचसा भार प्रेक्षक तिच्याच माथीं मारून मोकळे होतात. शेक्सपिअरच्या मॅकबेथपत्नीचें असें झालें. आपल्याकडे राघोबादादांच्या आनंदीबाईचेंही तेंच झालें. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’नें १९०९ सालीं तिला रंगभूमीवर आणलें, पण तिची अपकीर्ति त्याहून कितीतरी जुनी आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांस ठार केलें. दादांच्या आज्ञापत्रांत ‘धरावें’ असें होतें, आनंदीबाईनें त्याचें ‘मारावें’ केलें, ही कथा घरोघर ठाऊक आहे. ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत ती दिली. परंतु तेव्हां घटनेस त्रेपन्न वर्षें लोटलीं होतीं, आणि अक्षर आनंदीबाईनें बदललें हें तोही लोकसमजूत म्हणूनच सांगतो.

क्षणभर ती कथा अक्षरशः खरी मानूं. तरी पगार थकल्यामुळें खवळलेल्या गारद्यांस पेशव्यांना ‘धरण्याची’ आज्ञा देणारे दादाच नव्हते काय? मॅकबेथच्या मनांत राज्यलोभ आधींच होता. पत्नीनें त्यास केवळ धार लावली. आनंदीबाईकडे याहून अधिक दोष जात नाहीं. रामशास्त्री प्रभुण्यांनीं हें नेमकें ओळखलें. चौकशीअंतीं त्यांनीं दोष ठेविला तो दादांवर, आणि देहान्ताखेरीज दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें त्यांच्या तोंडावर सांगून पुणें सोडलें.

पातकानें मिळविलेली सत्ता दादांना पचली नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस ते निजामावर चालून, आम्हां देगलूरकरांच्या दक्षिणेस शेजारींच असलेल्या बेदरपर्यंत आले. इकडे पुण्यांत बारभाईंचें कारस्थान आकार घेत होतें. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर गंगाबाईस पुत्र झाला आणि पेशवाईवरील दादांच्या हक्काचा पायाच ढांसळला. ते १७८३ त वारले. मॅकबेथपत्नी पतीच्या आधीं मरून सुटते. आनंदीबाईस मात्र पतीच्या मागें, १७९४ पर्यंत, तो डाग घेऊन जगावें लागलें.

तिला निर्दोष ठरविण्याचा हा यत्न नव्हे. ती महत्त्वाकांक्षी असेल, कारस्थानीही असेल. पण ‘ध’चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार आपल्या मुलांच्या तोंडीं देतांना, मूळ आज्ञा कोणाची होती हेंही त्यांस सांगावें. नाटकाला खलनायिका पुरते. न्यायाला पुरावा लागतो, आणि रामशास्त्र्यांनीं निकाल दिला तो न्यायाचा होता.